फोटो, फोटोओळ आणि बाजूने वाहणारा मजकूर

प्रश्न पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. गोदाकाठच्या देवळांवर त्यांनी साठेक पानांची पुस्तिका लिहिली आहे. मजकूर लिब्रेऑफिस रायटरमध्ये टाइप केला, फोटो घातले आणि प्रत्येक फोटोला 'इन्सर्ट कॅप्शन' वापरून खाली ओळ दिली. मग बाजूने मजकूर यावा म्हणून फोटोवर राइट क्लिक करून 'रॅप'मध्ये 'पॅरलल' निवडले, तर काहीच बदलले नाही. फोटो फार मोठा असेल असे वाटून कोपरा ओढून तो लहान केला, तेव्हा फोटोखालची ओळच वर सरकून शेजारच्या फटीत जाऊन बसली. पुतण्याने वर्डमध्ये तेच करून पाहिले. तिथे मजकूर वळला, पण वरती एक परिच्छेद वाढवल्याबरोबर फोटो पुढच्या पानावर गेला आणि ओळ मागच्याच पानावर राहिली.

बाई, तुम्ही केलेत ते कुणीही केले असते. फोटोभोवती मजकूर हवा, म्हणजे फोटोवर क्लिक करायचे, हेच सुचते. पण कॅप्शन देताना रायटर न सांगता एक काम करून मोकळा होतो. तो फोटोभोवती एक चौकट, म्हणजे फ्रेम, तयार करतो. फोटो त्या फ्रेमच्या आत जातो आणि ओळही आतच, फोटोखाली, लिहिली जाते. तिथून पुढे पानावरच्या मजकुराचा आणि फोटोचा थेट संबंध उरत नाही. मजकुराला शेजार असतो तो फ्रेमचा. तुम्ही फोटोचा रॅप बदललात तो फ्रेमच्या आतल्या मजकुरासाठी बदलला, आणि फ्रेमच्या आत मजकूर म्हणजे ती एकच ओळ. फोटो फ्रेमइतकाच रुंद होता तोवर ओळीला बाजूला जागा नव्हती, म्हणून काही हलले नाही. फोटो लहान झाला, फ्रेम तेवढीच राहिली, फट पडली आणि ओळ त्या फटीत शिरली. रायटरने तुमचे म्हणणे अगदी शब्दशः ऐकले.

माझे वडील खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यात अक्षरे जुळवणारे जुळारी होते. पान लावताना फोटोचा ब्लॉक आणि त्याच्याखाली बारीक खिळ्यांत जुळवलेली ओळ ते आधी एकत्र दोरीने आवळायचे, आणि मग ती मोळी पानात कुठे बसवायची ते ठरवायचे. सुटा ब्लॉक आणि सुटी ओळ पानात कधीच जात नसे. रायटरची फ्रेम म्हणजे तीच दोरी. हे एकदा डोळ्यांसमोर आले की दोन्ही सॉफ्टवेअरमधल्या भानगडी सुटतात. फोटो आणि ओळ एका चौकटीत बांधायची, आणि वळसा, अंतर, जागा हे सगळे त्या चौकटीला सांगायचे.

आधी तुमची फाइल दुरुस्त करू. लहान केलेला फोटो 'अनडू' करून पूर्ववत करा. ते आता शक्य नसेल तर फोटो निवडून त्याचा रॅप पुन्हा 'नन' करा, म्हणजे ओळ खाली येईल. मग फ्रेम पकडायची. इथेच बहुतेकांचे हात अडखळतात, कारण फ्रेमची कड फोटोच्या कडेला अगदी चिकटून असते आणि माऊस नेमका फोटोच उचलतो. त्यावर सोपा उपाय आहे. फोटोखालच्या ओळीच्या अक्षरांत क्लिक करून कर्सर तिथे ठेवा आणि एस्केपचे बटण दाबा. फ्रेम निवडली जाते. तिच्याभोवती हिरव्या किंवा निळ्या ठोकळ्या दिसतील आणि त्या फोटोसकट ओळीलाही कवेत घेतलेल्या असतील. ओळ ठोकळ्यांच्या बाहेर असेल तर तुम्ही अजून फोटोच धरला आहे. एफ-फाइव्ह दाबून नेव्हिगेटर उघडलात तरी चालेल. तिथे फ्रेम आणि इमेज यांच्या याद्या वेगळ्या असतात.

फ्रेम हातात आली की राइट क्लिक करून तिच्या 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'रॅप'च्या पानावर जा. फोटो उजव्या कडेला आणि मजकूर त्याच्या डावीकडे हवा असेल तर 'बिफोर', फोटो डावीकडे हवा असेल तर 'आफ्टर'. 'पॅरलल'मध्ये मजकूर दोन्ही बाजूंनी वाहतो. फोटो पानाच्या मध्यावर असेल तर वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत फोटोवरून उडी मारून पलीकडे जावे लागते, म्हणून मी तो पर्याय पुस्तकात वापरत नाही. 'ऑप्टिमल' हा सावध पर्याय आहे. फ्रेम आणि समास यांच्यात दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जागा उरली तर तो त्या बाजूला मजकूर सोडत नाही. 'थ्रू'ला हात लावू नका, त्यात मजकूर फोटोवरून किंवा फोटोखालून सरळ निघून जातो.

त्याच पानावर अंतराचे रकाने आहेत. मजकुराकडच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर आणि खाली तेवढेच द्या. खालचे अंतर विसरू नका. वरच्या बाजूला फोटोची स्वच्छ कड असते, पण खाली फोटोओळीची अक्षरे संपतात आणि लगेच मुख्य मजकुराची ओळ सुरू होते. मध्ये हवा नसेल तर वाचणारा फोटोओळीचा शेवट आणि परिच्छेदाची ओळ सलग वाचून जातो. फोटोओळ मुख्य मजकुरापेक्षा दोन पॉइंट लहान ठेवा. फोटोवर 'काँटूर' नावाचाही एक पर्याय दिसेल, ज्यात मजकूर फोटोतल्या आकृतीच्या कडेकडेने वाहतो. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेभोवती तसा गोल मजकूर वाहवावा असा मोह होईल. पण फोटोओळ असलेला फोटो फ्रेममध्ये असतो आणि फ्रेम चौकोनीच असते, त्यामुळे तो विचार सोडून द्या.

आता अँकर. फ्रेम कोणत्या परिच्छेदाला बांधली आहे हे तो ठरवतो. तुमच्या कामाला 'टू पॅराग्राफ' योग्य. परिच्छेद पुढे सरकला की फ्रेमही त्याच्याबरोबर सरकते. 'टू पेज' केलेत तर फ्रेम त्या पानाला खिळून राहील आणि काळारामाचा मजकूर दोन पाने पुढे गेला तरी फोटो जुन्याच जागी बसेल. फ्रेम निवडली की नांगराचे छोटे चिन्ह दिसते. ते ज्या परिच्छेदात फोटोचा उल्लेख आहे त्याच्या सुरुवातीला आहे ना, हे बघा. आतल्या फोटोचा अँकर मात्र 'ॲज कॅरेक्टर' करून घ्या आणि ओळ त्याच्या खालच्या परिच्छेदात ठेवा. मग फोटो फ्रेमच्या आत एखाद्या मोठ्या अक्षरासारखा बसतो आणि ओळ त्याच्या शेजारी किंवा अंगावर जाऊ शकत नाही. जुळणी पक्की होते ती याने.

यात एक खड्डा आहे आणि मराठी टाइप करणारे त्यात हमखास पडतात. देवनागरीत वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार-ऋकार, त्यामुळे ओळींमधले अंतर कमीजास्त दिसते, म्हणून बरेच जण सगळ्या मजकुराला 'फिक्स्ड' लाइन स्पेसिंग देऊन टाकतात. वर्डमध्ये त्यालाच 'एक्झॅक्टली' म्हणतात. ज्या परिच्छेदात फोटो अक्षरासारखा बसवला आहे त्याला हे अंतर लागू असेल तर फोटोची उंची त्या एका ओळीएवढीच दिसते, बाकीचा भाग कापल्यासारखा होतो. फोटो बिघडला समजून लोक तो पुन्हा पुन्हा घालत बसतात. फोटो असलेल्या परिच्छेदाचे अंतर 'सिंगल' करा, फोटो पूर्ण दिसेल.

पहिली फ्रेम मनासारखी झाली की एफ-इलेव्हनने स्टाइल्स उघडा आणि तिच्यावरून एक फ्रेम स्टाइल करून ठेवा. नाव साधे द्या, 'फोटो उजवा', 'फोटो डावा'. बाकीच्या फ्रेमना ती लावत जा आणि लावल्यावर प्रत्येकीची जागा एकदा डोळ्यांखालून घाला. कॅप्शन देताना 'कॅटेगरी'च्या रकान्यात यादीतला इंग्रजी शब्द न घेता 'चित्र' असे स्वतः टाइप करता येते. ते पहिल्या फोटोपासून सगळीकडे एकसारखे ठेवा, कारण अनुक्रमांक त्या शब्दाच्या हिशेबाने चालतात. एकदा 'चित्र' आणि एकदा 'छायाचित्र' लिहिलेत तर दोन वेगळ्या माळा सुरू होतील. क्रमांक हाताने लिहू नका. रायटर मोजत असेल तर मधला फोटो काढल्यावर पुढचे आकडे आपोआप बदलतात आणि शेवटी 'चित्रसूची' एका आज्ञेत तयार होते.

पुतण्याच्या वर्डचे दुखणे वेगळे आहे. वर्डमध्ये फोटो घातला की तो सहसा 'इन लाइन विथ टेक्स्ट' असतो, म्हणजे अक्षरासारखा. त्या अवस्थेत कॅप्शन दिलीत तर ती साध्या परिच्छेदासारखी खाली येते. पण आधी 'स्क्वेअर' रॅप देऊन फोटो तरंगता केला आणि मग कॅप्शन मागितली, तर वर्ड ती ओळ वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवतो. आता पानावर दोन सुट्या वस्तू तरंगत आहेत. पडद्यावर त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण त्यांच्यात कुठलाही दुवा नाही. मजकूर वाढला की दोघी आपापल्या वाटेने जातात.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेची स्मरणिका माझ्याकडे होती. एका पानावर संस्थापक सदस्यांचे फोटो होते, काही हयात, काही दिवंगत. ओळी सगळ्या सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये. छपाईच्या आदल्या संध्याकाळी वरच्या लेखात चार ओळींची भर आली, मी ती घातली, पान वरवर पाहिले आणि सोडले. दोन फोटोओळी एकेक जागा खाली सरकल्या होत्या. 'कै.' लिहिलेली ओळ हयात असलेल्या एका गृहस्थांच्या फोटोखाली छापली गेली. प्रकाशनाच्या दिवशी ते सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या पत्नीने ते पान उघडले. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून आलो. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. तेव्हापासून सुट्या ओळीचा एकही फोटो मी छापखान्याकडे पाठवलेला नाही. तुमच्या पुस्तिकेत माणसे नाहीत, देवळे आहेत, पण २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाची ओळ काळारामाऐवजी सुंदरनारायणाच्या फोटोखाली गेली, तर वाचणारी मुले तेच खरे मानतील. इतिहासाच्या पुस्तिकेत फोटोओळ सुद्धा पुरावा असते.

वर्डमध्ये दोरी बांधायचे दोन मार्ग आहेत. कंट्रोल दाबून ठेवून फोटो आणि टेक्स्ट बॉक्स दोन्ही निवडायचे, 'ग्रुप' करायचे आणि रॅप त्या ग्रुपला द्यायचा. एखाद-दुसऱ्या फोटोला हे ठीक. साठ पानांत तीस फोटो असतील तर मी टेबल वापरतो. ज्या परिच्छेदाशेजारी फोटो हवा त्याच्या लगेच आधी एक रकाना आणि दोन ओळींचे टेबल घाला. वरच्या घरात फोटो, 'इन लाइन' ठेवूनच. खालच्या घरात कॅप्शन. टेबलच्या रेघा काढून टाका. मग 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये 'टेक्स्ट रॅपिंग' खाली 'अराउंड' निवडा, 'पोझिशनिंग'मध्ये उजवे-डावे ठरवा, भोवतीचे अंतर द्या आणि 'मूव्ह विथ टेक्स्ट'ची खूण आहे याची खात्री करा. टेबलच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ'ची खूण मात्र काढा, नाहीतर मोठा फोटो टेबलला फुगवून समासाबाहेर नेतो. दिसायला हा मार्ग ओबडधोबड वाटेल, पण फोटो आणि ओळ एकमेकांना सोडत नाहीत आणि ओळ खऱ्या परिच्छेदात असल्याने चित्रसूचीतही बिनतक्रार येते.

फक्त दोन्ही सॉफ्टवेअरांत एकच फाइल फिरवू नका. रायटरमध्ये बांधलेल्या फ्रेम वर्डमध्ये उघडताना टेक्स्ट बॉक्स होतात आणि जागा बदलतात. तुम्ही रायटरमध्ये सुरुवात केली आहे, तर शेवटही तिथेच करा. पुतण्याला प्रूफ वाचायला द्यायचे असेल तर पीडीएफ द्या.

आता जे कुठल्याही मेन्यूत सापडत नाही त्याबद्दल थोडे सविस्तर. वळसा द्यायचा की नाही, हे मी पहिल्यांदा पानाच्या रुंदीवरून ठरवतो. तुम्ही टाइप केले आहे ए-फोर कागदावर. दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर समास सोडले तर ओळ सतरा सेंटिमीटर लांब. त्यात सात सेंटिमीटरचा फोटो आणि अर्ध्याचे अंतर गेले तरी मजकुराला साडेनऊ उरतात. ऐसपैस. पण पुस्तिका छापणार आहात डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. तिथे समास वजा जाता ओळ साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास येते. पाच सेंटिमीटरचा फोटो बसवलात की मजकुराला उरले पाच. बारा पॉइंटच्या देवनागरीत तेवढ्या जागेत दोन-तीन शब्द मावतात. मराठीत 'देवळाच्या सभामंडपासमोरच्या' असले लांब शब्द सतत येतात, ओळीअखेर शब्द तोडायची आपली पद्धत नाही, आणि मजकूर दोन्ही कडांना समतल केलेला असेल तर शब्दांमध्ये ढिगाने मोकळी जागा पडते. एका ओळीत दोन शब्द, मध्ये बोटभर पोकळी. फोटो सुंदर आणि शेजारी मजकुराची चाळण.

माझा नियम असा, की बारा पॉइंटच्या मराठी मजकुराला वळशात किमान साडेसहा सेंटिमीटर मिळाले पाहिजेत. तेवढे मिळत नसतील तर वळसा नाही. फोटो ओळीच्या पूर्ण रुंदीचा करायचा, रॅप 'नन', वर-खाली मजकूर. हरकत नसेल तर वळशातला परिच्छेद फक्त डावीकडून सरळ ठेवा, उजवी कड वेडीवाकडी राहू द्या, पोकळ्या जातात. शेजारी इंचापेक्षा कमी जागा उरली तर वर्ड तिथे मजकूर घालतच नाही, पण इंचभर उरली की घालतो, आणि इंचात मराठी वाचता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरवर विसंबू नका, पट्टी घ्या आणि मोजा.

त्यामुळे तुमचे पहिले काम फोटोंना हात लावण्याचे नाहीच. आधी 'पेज स्टाइल'मध्ये कागद डेमीचा करा, समास ठरवा, मजकुराचे शेवटचे प्रूफ संपवा, आणि मग पहिल्या पानापासून क्रमाने फोटो बसवत जा. ए-फोरवर जुळवलेले तीस फोटो आकार बदलल्यावर तिसाच्या तीस पुन्हा जुळवावे लागतात. मागे वळून काही दुरुस्त केले की त्या पानापासून पुढचे सगळे पुन्हा पाहायचे.

फोटोंचा दर्जाही आत्ताच तपासा. छपाईला तीनशे डीपीआय, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके, लागतात; म्हणजे सहा सेंटिमीटर रुंद फोटोला साधारण सातशे दहा पिक्सेल आणि साडेदहा सेंटिमीटरच्या फोटोला साधारण साडेबाराशे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. ज्यांनी फोटो काढले त्यांच्याकडून ते 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. वर्डही फाइल जपताना फोटो दाबतो; ते टाळायला 'ऑप्शन्स'मधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस'ची खूण करावी लागते.

तुम्ही पाठवलेल्या यादीतले पाच फोटो पाहिले. नारोशंकराची घंटा आणि दुतोंड्या मारुती हे उभे आहेत. चार सेंटिमीटर रुंदीतही ते ओळखू येतात आणि मजकुराला सहा उरतात. माझ्या नियमापेक्षा थोडे कमी, पण तेवढ्या भागात अकरा पॉइंट आणि डावी कड सरळ ठेवलीत तर चालेल. मारुतीची ओळ तुम्ही नुसती 'दुतोंड्या मारुती' अशी दिली आहे. पुराचे पाणी मूर्तीच्या कुठवर चढले यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात, हे त्या ओळीत येऊ द्या. शेजारच्या परिच्छेदात ते कुठेच नाही. फोटोओळ दोन-तीन ओळींची झाली तरी फ्रेमची उंची 'ऑटोसाइझ'वर असेल तर ती आपोआप वाढते, ती खूण तेवढी तपासा. काळाराम आणि सुंदरनारायण यांचे फोटो आडवे आहेत, शिखरापासून पायरीपर्यंतचे काम त्यात दिसते, ते पूर्ण ओळीच्या रुंदीत घ्या. रामकुंडाचा लांबट फोटो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरायचा तुमचा विचार आहे, तो करू नका. मधल्या शिवणीत नेमका कुंडाचा भाग जाईल. एकाच पानावर आडवा ठेवा, खाली ओळ द्या, आणि पीडीएफ झाल्यावर ते एक पान आधी कागदावर काढून आणा, मग अँकर आणि अंतरे समोरासमोर बसून पाहू.